हेल्म्स डीप सोडा, शायर घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्जुनी मोरगावकडच्या पाच-सहा कॉलेजच्या मुलामुलींना टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर स्वतःचा चाहता-सिनेमा करायचा आहे. हाताशी एक कॅमेरा, दोन चांगले मोबाईल, मित्राचा ड्रोन आणि वर्गणीचे साठ हजार रुपये आहेत. एखाद्या जुन्या किल्ल्यावर त्यातल्या हेल्म्स डीप या गडावरच्या लढाईसारखी मोठी लढाई घ्यायचं मनात आहे. शेवटी विचारलं आहे, ‘कोट्यवधी डॉलरच्या सिनेमासमोर आमचं काम टिकेल का, की लोक हसतील?’

मी वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये प्रकाशयोजना आणि रंगभूषा करत आलो आहे. अलीकडे शॉर्टफिल्मचं शूटिंग आणि एडिटिंगही करतो. त्यामुळे उत्तर कामाच्या अंगानेच देतो, आणि हातचं राखून देत नाही, कारण तुमच्या वयाची पोरं इतकं जाडजूड पुस्तक वाचून त्याच्यासाठी पदरचे पैसे घालायला निघाली याचा मला मनापासून आनंद आहे.

लढाई घेऊ नका.

का ते सांगतो. या पुस्तकावर पीटर जॅक्सनने केलेल्या सिनेमाच्या तिन्ही भागांचा मिळून खर्च सुमारे २८ कोटी डॉलर होता. मुख्य शूटिंग ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० असं २७४ दिवस चाललं, तेही तिन्ही भागांचं एकत्र. चिलखताच्या कड्या प्लास्टिकच्या पाइपातून कापून माणसांनी हाताने एकात एक ओवल्या. लढायांमधल्या गर्दीसाठी ‘मॅसिव्ह’ नावाचं सॉफ्टवेअर खास तयार केलं. त्यात पडद्यावरचा प्रत्येक सैनिक कुणावर धावायचं आणि कसा वार करायचा हे आपलं आपण ठरवतो. आणि हॉबिट म्हणजे पुस्तकातली बुटकी, शेतीवाडीत रमणारी माणसं, त्यांचं हॉबिटन हे गाव न्यूझीलंडमध्ये मटामाटाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणावर उभं केलं, तेव्हा तिथली झुडपं, वेली, भाजीपाला शूटिंगच्या वर्षभर आधीच लावून ठेवला. गाव काल उभं केलेलं वाटू नये म्हणून.

आता हा खर्च नीट उलगडून बघा. त्या पैशाने दोन गोष्टी आल्या. एक संख्या: हजारो सैनिक, हजारो भाले. दुसरी जुनेपणा: अंगणात रुजलेली वेल, पायाखाली झिजलेली वाट. यातली संख्या तुम्हाला साठ हजारांत कधीच मिळणार नाही. तीस पोरं घेऊन किल्ल्यावर गेलात तर कॅमेऱ्यात तीस पोरंच दिसतील, आणि ड्रोन वर नेलात तर तीसही कमी दिसतील. पण जुनेपणा? तो तुमच्या गावात फुकट पडला आहे. शेणाने सारवलेलं अंगण, कवेलूचं बसकं छप्पर, मातीच्या भिंतीला टेकून काळी पडलेली लाकडी बैलबंडी. त्या लोकांनी वर्षभर राबून जे उगवलं ते तुमच्या आजोबांनी आधीच लावून ठेवलंय. मग जिथे ते सगळ्यात बळकट आणि आपण सगळ्यात दुबळे, त्याच मैदानात उतरायचं कशाला?

पैसा जास्त म्हणजे सिनेमा चांगला, असंही होत नाही. त्याच दिग्दर्शकाने ‘द हॉबिट’ केला तेव्हा खर्च ७० कोटी डॉलरच्या पुढे गेला. पुस्तक एकच, तीनेकशे पानांचं, मुलांना रात्री वाचून दाखवावं असं. त्याचे तीन सिनेमे झाले. माझ्या मते त्यात बिल्बो, म्हणजे गोष्टीचा हॉबिट नायक, हरवला. दर पंधरा मिनिटांनी काहीतरी कोसळतं, आणि तो बिचारा घरची किटली आठवत बसलेला माणूस आपल्याला दिसेनासा होतो.

आता चाहत्यांच्या सिनेमांकडे येऊ. दोन तुम्ही पाहिले असतीलच. नसतील तर आधी बघा, दोन्ही नेटवर फुकट आहेत. क्रिस बुशार्डचा ‘द हंट फॉर गॉलम’ आणि केट मॅडिसनचा ‘बॉर्न ऑफ होप’. दोन्ही इंग्लंडमधले, दोन्ही २००९चे. पहिला सुमारे तीन हजार पौंडांत झाला, साधारण चाळीस मिनिटांचा. दुसरा सुमारे पंचवीस हजार पौंडांत, तासाभराहून मोठा. मॅडिसनबाईंनी त्यात स्वतःची बचत घातली आणि उरलेले पैसे नेटवरून लोकांकडून जमवले.

या दोघांचं एक फार शहाणपणाचं होतं, आणि एक माझ्या मते चुकलं. शहाणपण म्हणजे जागा निवडणं. गॉलम या अंगठीने झपाटलेल्या प्राण्याचा माग अ‍ॅरागॉर्नने, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या वीराने, कसा काढला हे पुस्तकात पात्रांच्या बोलण्यातून थोडक्यात कळतं. अ‍ॅरागॉर्नच्या आईवडिलांची हकिकत परिशिष्टातल्या काही परिच्छेदांत आटोपते. म्हणजे दोघांनी मोठ्या सिनेमाने न नांगरलेला तुकडा घेतला. गंमत बघा, पुढे अ‍ॅमेझॉनने ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ केली तीही मुख्यतः या परिशिष्टांच्या आधारावरच. हक्कांसाठीच सुमारे २५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. त्याच पानांच्या गठ्ठ्यातून एकीने पंचवीस हजार पौंडांत घरातल्या माणसांची गोष्ट काढली, दुसऱ्यांनी राजवाडे आणि जहाजं. मला आजही पहिली जास्त आठवते.

चुकलं ते हे, की दोघांच्याही डोळ्यांसमोर पुस्तकाबरोबर जॅक्सनचा सिनेमा होता. रंग तेच, संगीताचा सूर तोच, अ‍ॅरागॉर्नची दाढी आणि अंगरखाही तोच. त्यामुळे बघणारा नकळत शेजारी ठेवून बघतो, आणि शेजारी ठेवलं की लहान ते लहानच दिसतं. लोक हसतील का, या तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. तुम्ही सिनेमाची नक्कल केलीत तर हसतील. पुस्तक वाचून तुम्हाला दिसलेलं दाखवलंत तर हसायला त्यांच्याजवळ मापच नसेल. ‘बॉर्न ऑफ होप’मधला सगळ्यात भरीव भाग कोणता सांगू? सफोकमधल्या वेस्ट स्टो इथे जुन्या काळासारखं पुन्हा बांधलेलं गवती छपरांचं गाव आहे, तिथे घेतलेले प्रसंग. चुलीचा धूर, दारात बसलेली माणसं, काठी टेकत जाणारा कुणी. तिथे तो सिनेमा कुणाचीच नक्कल वाटत नाही.

तिसरं उदाहरण अजून धीर देणारं आहे. १९९१मध्ये लेनिनग्राडच्या दूरचित्रवाणीने याच पुस्तकाच्या पहिल्या खंडावर ‘ख्रानितेली’ नावाचा दोन भागांचा कार्यक्रम केला. अगदी नाटकी, स्टुडिओतला, खर्च जेमतेम. पुढे तो विस्मरणात गेला. २०२१मध्ये वाहिनीने तो यूट्यूबवर टाकला आणि जगभरचे वाचक तुटून पडले. हसले, खरंच हसले. पण प्रेमानेही बघितला, कारण त्यात पुस्तकातला गाणी म्हणत फिरणारा टॉम बॉम्बडिल होता. जॅक्सनने ज्याला पूर्ण वगळलं तो टॉम, त्या गरीब कार्यक्रमात नाचत-गात हजर होता. वाचकाला आपलं आवडतं पान पडद्यावर दिसलं की तो मागचा कापडी पडदा माफ करतो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत हे वेगळं सांगायला नको. रात्रभर थंडीत बसणारा प्रेक्षक रंगवलेल्या पडद्यालाच जंगल मानतो, फक्त समोरचा नट खोटा नको.

तर मग काय घ्यावं? माझं उत्तर पक्कं आहे. शेवटून दुसरं प्रकरण घ्या, ‘द स्कॉरिंग ऑफ द शायर’. शायर म्हणजे हॉबिटांचा मुलूख.

जॅक्सनच्या सिनेमात हे प्रकरण नाही. गॅलॅड्रिएलच्या जादूच्या आरशात क्षणभर जळणारं शायर दिसतं तेवढंच. पुस्तकात मात्र गोष्टीतले चारही मुख्य हॉबिट युद्ध संपवून घरी येतात तर गाव ओळखू येत नाही. पुलावर टोकदार फाटक बसलंय. जागोजागी नियमांच्या नोटिसा लावल्यात. खाणावळी बंद. गावकऱ्यांचं धान्य ‘सर्वांना सारखं वाटू’ म्हणून मोजून नेतात आणि परत काही येत नाही. रस्त्याकडेची झाडं तोडून टाकलीत. जुन्या गिरणीच्या जागी नवी धूर ओकणारी गिरणी आलीय आणि तिने नदी नासवलीय. आणि ज्या झाडाखाली बिल्बोच्या वाढदिवसाची पंगत बसली होती ते झाड आडवं पडलंय. ते बघून चौघांतला सॅम रडतो. सगळ्या पुस्तकात इतकं काही सोसलेला सॅम झाडासाठी रडतो, हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

हे प्रकरण विदर्भातल्या खेड्यात घडू शकत नाही असं मला सांगा बरं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखक सांगतो की हॉबिटांना शांतता आणि चांगली कसलेली जमीन आवडते. हे वर्णन धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला जितकं लागू पडतं तितकं कुठल्या स्टुडिओतल्या नटाला पडणार? त्यात जादूगाराची काठी नाही, राक्षस नाही, किल्ला नाही. चौघांतला मेरी शिंग फुंकतो, शेतकरी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमतात. बायवॉटरची लढाई आहे, पण तीही गावरान झटापट: गाव बळकावून बसलेल्या गुंडांपैकी जवळपास सत्तर पडतात, हॉबिट एकोणीस. एका बोळात, दोन बाजूंनी बंड्या आडव्या लावून ती घेता येते. वीस माणसं पुरतात, कारण बोळातून दिसतातच वीस.

आणि उंचीचा प्रश्न, ज्यासाठी जॅक्सनला कॅमेऱ्याच्या कोनाची करामत, बुटके डमी नट आणि दोन-दोन मापांचे सेट करावे लागले, तो इथे जवळजवळ उरतच नाही. या प्रकरणात बहुतेक सगळे हॉबिटच आहेत. फक्त गुंड मोठे दिसायला हवेत. त्यासाठी आपल्या जुन्या मातीच्या घराचं दार वापरा. चौकट बुटकी असते, सहा फुटी माणसाला मान घालूनच आत यावं लागतं. कॅमेरा आत, जमिनीलगत ठेवा. आधी दारात फक्त पाय दिसू द्या, मग पोट, आणि मग तो वाकतो तेव्हा चेहरा. समोर म्हातारा हॉबिट चुलीजवळ बसलेला असू द्या, उठायला लावू नका. एक पैसा खर्च न होता गुंड दुप्पट होतो. ड्रोन मात्र घरीच ठेवा. ही जमिनीलगतच्या माणसांची गोष्ट आहे, ती घारीच्या नजरेने बघण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

नव्या गिरणीसाठी गावाबाहेरची एखादी राईस मिल मालकाला विचारून घ्या. संध्याकाळी कोंड्याच्या ढिगामागून सूर्य घेतलात तर वेगळं काही करावं लागणार नाही. पूल म्हणून मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ चालेल. डिसेंबरमध्ये सकाळी पाण्यावर धुकं असतं तेव्हा चौघे घोड्याऐवजी पायी येऊ द्या. झाड मात्र तोडू नका, फांदीसुद्धा नाही. वादळात पडलेलं झाड किंवा जुना बुंधा शोधा. कुऱ्हाडीचा आवाज, ताज्या भुशाचा ढीग आणि बुंध्यावर ठेवलेला सॅमचा हात, एवढ्यात झाड पडल्याचं कळतं. जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी. मोहाच्या दिवसांत पाचोळा कोरडा असतो, ठिणगी पडली तर हाहाकार होईल. पेटती मशाल जंगलाच्या आसपासही नको, गावातल्या मोकळ्या अंगणात पाण्याच्या बादल्या भरून ठेवूनच.

कपड्यांबद्दल सविस्तर सांगतो, कारण हौशी सिनेमा पहिल्यांदा कपड्यात पकडला जातो. नवं कापड कॅमेऱ्यात ओरडतं. बाजारातून जाडं सुती मांजरपाट आणा, आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा. मग बाभळीची साल उकळून गाळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. मातकट तपकिरी रंग धरतो. थोडा कात घातला तर लालसर होतो. वाळलं की शिवा, आणि शिवल्यावर खरं काम सुरू. कोपर, गुडघे, खिशाची कड, मानेची पट्टी, जिथे माणूस रोज झिजवतो तिथेच विटेच्या तुकड्याने घासा. सगळीकडे सारखं घासलं तर ते रंगभूषाकाराने घासलेलं दिसतं. खालच्या कडेला ओली माती लावून वाळू द्या आणि झटका. मग नटाला तो कपडा घालून आठवडाभर घरची कामं करायला लावा. त्याच्या घामाने आणि बसण्या-उठण्याने ज्या चुण्या पडतात त्या इस्त्रीने येत नाहीत. गुंडांचे कपडे मात्र तुलनेने नवे, चांगल्या प्रतीचे ठेवा. गावाचं खाऊन त्यांचं बरं चाललंय हे न बोलता कळेल.

रात्रीच्या प्रसंगाला एकच एलईडी पॅनल नटाच्या मागून, उंचावर, झाडाच्या फांद्यांतून सोडा. समोरून उजेड देऊच नका. चुलीचा किंवा कंदिलाचा पिवळा उजेड चेहऱ्याला पुरतो. मागच्या उजेडात हलका धूर हवा. अंगणात घमेल्यात ओलसर तणस (धानाचा पेंढा) धुमसत ठेवलं की होतो.

आवाजावर निम्मी मेहनत घाला. एक बाहेरचा रेकॉर्डर आणि दोन कॉलर माईक यांच्यासाठी पैसे आधी बाजूला काढा, मग बाकीचा हिशोब. मोठ्यांकडूनच शिकण्यासारखी गोष्ट सांगतो. हेल्म्स डीपच्या लढाईआधी शत्रूची फौज जी गर्जना करते, ती कशी मिळवली माहीत आहे? वेलिंग्टनच्या मैदानावर न्यूझीलंड-इंग्लंड क्रिकेट सामन्याच्या मधल्या सुट्टीत पीटर जॅक्सन स्वतः मैदानात गेला आणि हजारो प्रेक्षकांकडून त्या आरोळ्या म्हणवून घेतल्या. म्हणजे इतकं सॉफ्टवेअर असूनही आवाजाला शेवटी जिवंत माणसंच लागली. तुमच्याकडे मंडईची जत्रा आहे, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आहेत. गर्दीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून रेकॉर्डर ठेवा आणि अर्धा तास नुसती गर्दी भरून आणा. शिंग वाजल्यावर अंधारातून हा आवाज हळूहळू वर आला की पडद्यावर पाच कंदील दिसले तरी सगळा मुलूख उठल्यासारखं वाटेल. सागाच्या पाचोळ्यावरची पावलं वेगळी रेकॉर्ड करा. संवाद चालू असताना पाचोळ्यावर चालायला लावलंत तर शब्द ऐकू येणार नाहीत.

भाषा झाडीबोलीच ठेवा. हॉबिटांनी गावचं बोलावं आणि गुंडांनी कोरडं, हुकमाचं प्रमाण बोलावं. पुस्तकातही बोलण्याच्या ढंगावरून कोण कुठला ते कळतं, त्यामुळे हे मूळाला धरूनच आहे. मालेगावच्या नासिर शेखनेही तेच केलं होतं. सायकलवर कॅमेरा लावून ‘शोले’ आपल्या गावात आणला, आणि गावाने तो आपला मानला, कारण माणसं गावासारखी बोलत होती.

आता कायद्याचं, जे टाळून चालणार नाही. टॉल्किन १९७३मध्ये वारले. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३३ संपेपर्यंत. ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं, म्हणजे २०४३ संपेपर्यंत. सिनेमाचे हक्क मिडल-अर्थ एंटरप्रायझेस या कंपनीकडे आहेत, जी २०२२मध्ये एम्ब्रेसर ग्रुपने विकत घेतली. तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. सुरुवातीला ‘हा सिनेमा नफ्यासाठी नाही’ अशी पाटी टाकल्यानेही नाही. ‘द हंट फॉर गॉलम’वाल्यांनी नफा घ्यायचा नाही या बोलीवर हक्कदारांशी आधी बोलून घेतलं होतं. तरी मे २०२४मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच नावाचा मोठा सिनेमा जाहीर केला आणि लगोलग पंधरा वर्षं नांदत असलेला हा चाहता-सिनेमा यूट्यूबवरून उतरवला गेला. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा परत आला. म्हणजे दोरी दुसऱ्याच्या हातात असते, हे धरून चाला.

म्हणून हक्कदारांना आत्ताच पत्र लिहा, आणि उत्तराची वाट बघताना दुसरी संहिताही लिहायला घ्या: चार पोरं लांबून गावी परततात आणि गाव बदललेलं सापडतं. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. नावं, प्रसंग, संवाद सगळं तुमचं असेल तर तो सिनेमा कुठल्याही महोत्सवाला पाठवता येईल. मला विचाराल तर ही दुसरी संहिताच जास्त चांगली होण्याची शक्यता आहे, पण पहिली मनापासून लिहिल्याशिवाय ती सुचणार नाही. जॅक्सनच्या सिनेमाचं संगीत मात्र कुठल्याच आवृत्तीत एक सेकंदही वापरू नका.

नटांचं शेवटी सांगतो. मुख्य हॉबिट तुमच्यातलेच आणि गावातलेच घ्या. झाडीपट्टीचे कसलेले कलावंत दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री नाटकात आणि दिवसा झोपेत किंवा गाडीत असतात. त्यांच्या तारखा मागाल तर शूटिंग लांबेल. एकच भूमिका त्यांच्यातल्या कुणाकडे द्या: शार्की, म्हणजे गुंडांचा म्होरक्या, सत्ता गेलेला जादूगार सारुमान. एका दिवसाचं काम आहे आणि खलनायक करून मुरलेला माणूसच ते पेलेल. फक्त त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायला घडलेला असतो. त्याला ‘हळू बोला’ म्हणू नका, त्याने तो अवघडतो. आतल्या खोलीत कुणी आजारी झोपलंय असं समजून बोला, एवढंच सांगा. पहिला टेक त्याच्या पद्धतीने पूर्ण होऊ द्या, मध्ये तोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या टेकला आवाज आपोआप खाली येईल, तेव्हा रेकॉर्डरची पातळी त्याच क्षणी वर घ्यायला एक माणूस हेडफोन लावून तयार ठेवा.